अर्ध्या इंचाचं वजन

गोल्फची एक काठी घ्या आणि मुठीच्या टोकाकडून अर्धा इंच कापा. कापलेला तुकडा पोलादाचा असेल तर दीड ग्रॅमच्या आसपास भरेल; कार्बन धाग्याचा असेल तर ग्रॅमभरसुद्धा नाही. दोन शेंगदाण्यांएवढा ऐवज. पण मूठ पुन्हा चढवून ती काठी तिच्या मालकाच्या हातात द्या. मुरलेला खेळाडू असेल तर तो ती दोनदा हलवेल आणि विचारेल, हिचं डोकं कुठं गेलं?

डोकं जागेवरच असतं. पण त्याची तक्रार खोटी नसते, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे तिच्यावर तयार उत्तर असतं : अर्धा इंच गेला की तीन पॉइंट जातात, ते परत आणायला डोक्यावर सहा ग्रॅम शिसं चिकटव. वर्कशॉपमध्ये हा हिशोब पाढ्यासारखा पाठ असतो. या पॉइंटांना म्हणतात स्विंगवेट.

मी गोल्फ खेळत नाही. मला नाद आहे तो वजन-मापांच्या इतिहासाचा. कुठलीही गोष्ट मोजायची ठरते तेव्हा कुणीतरी कुणाचा तरी हात प्रमाण धरलेला असतो, आणि पुढं तो हात विसरला जातो, आकडा तेवढा उरतो. स्विंगवेट हा या प्रकारातला माझा सगळ्यात आवडता नमुना आहे. कारण इथं विसरलेला हात अजून अधूनमधून दिसतो. फक्त त्यासाठी काठी कापावी लागते.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. गोल्फमध्ये काठीलाही क्लब म्हणतात आणि ती घेऊन जिथं जातात त्या संस्थेलाही. घोळ नको म्हणून मी काठीच म्हणेन. तिचे तीन भाग : चेंडूला लागतं ते डोकं, मधला दांडा आणि वरची मूठ.

स्विंगवेट म्हणजे काय हे तुम्हाला खरं तर माहीत आहे. क्रिकेटची बॅट घ्यायला गेलात की दुकानात आपण ती काट्यावर ठेवत नाही, हातात उचलून हलवतो. दोन बॅटी एकाच वजनाच्या असतात, तरी एक चटकन उठते आणि दुसरी जमिनीला चिकटल्यासारखी वाटते. त्याला आपण पिकअप म्हणतो. गावाकडं कुऱ्हाडीला नवा दांडा बसवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. दांडा चार बोटं आखूड झाला की तेच पातं हलकं लागतं आणि घाव बसत नाही. एकूण वजन किती हा एक प्रश्न. त्यातलं किती वजन हातापासून किती लांब आहे हा दुसरा. स्विंगवेट हा दुसऱ्या प्रश्नाला दिलेला आकडा आहे.

असा आकडा लागावा अशी गरज शंभर वर्षांपूर्वीपर्यंत कुणाला नव्हती.

तेव्हाचे दांडे लाकडाचे, अमेरिकन हिकरीचे. हिकरी चिवट खरी, पण लाकूड ते लाकूड. दोन दांडे कधी सारखे नसत. एक जास्त वाकायचा, दुसरा पिळवटायचा, तिसरा पावसात फुगायचा. कारागीर दांडा तासून तासून गिऱ्हाइकाच्या हाताला आणायचा. काठ्यांना नंबर नव्हते, नावं होती : क्लीक, मॅशी, निब्लिक, स्पून, ब्रॅसी. बहुतेकांचा संच असा एकेक करून जमलेला असायचा, घरातल्या भांड्यांसारखा. एखादी काठी हाताला लागली की ती आयुष्यभर सांभाळायची, आणि दुसरी घेताना तिच्याशी ताडून बघायची. ताडायचं कशानं? हातानंच.

हातानं ताडणाऱ्यांचा राजा म्हणजे अटलांटाचा बॉबी जोन्स. १९३० साली त्यानं ब्रिटन आणि अमेरिका या दोन्हीकडच्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या, आणि वयाच्या २८व्या वर्षी स्पर्धांमधून निवृत्त झाला. त्या काठ्या हिकरीच्या होत्या, त्यानं एकेक पारखून जमवलेल्या. गोल्फवाल्यांमध्ये त्यांच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी तो संच यंत्रावर मोजला. सगळ्या काठ्या एकमेकींशी जुळत होत्या, फक्त आजच्या आठ नंबरच्या जागी येणारी एक सोडून. जोन्सला हे सांगितल्यावर तो म्हणे म्हणाला की तिनं मला कायमच त्रास दिला. गोष्ट सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील बदलतात, त्यामुळं ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण यंत्रावर विसंबून असलेल्या धंद्यात हीच गोष्ट इतक्या प्रेमानं का सांगितली जाते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मोजण्याची सुरुवात झाली ती मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या परिसरात. तिथला सगळ्यात लाडका गोल्फर होता फ्रान्सिस विमेट. ब्रुकलाईनच्या 'द कंट्री क्लब'च्या मैदानासमोर रस्त्यापलीकडं त्याचं घर होतं. लहानपणी तो तिथं कॅडी होता, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. १९१३ साली त्याच मैदानावर यूएस ओपन झाली, आणि २० वर्षांच्या या हौशी पोरानं हॅरी व्हार्डन आणि टेड रे या दोन ब्रिटिश दिग्गजांना प्लेऑफमध्ये हरवलं. त्याची स्वतःची पिशवी उचलायला होता दहा वर्षांचा एडी लॉवरी. तो फोटो तुम्ही पाहिला असेल : उंच, सडपातळ विमेट, आणि शेजारी खांद्यावर जवळजवळ स्वतःएवढी पिशवी घेतलेला एडी. अमेरिकेत गोल्फ बड्या लोकांच्या फाटकाबाहेर पडला तो त्या दिवसापासून, असं म्हणायची पद्धत आहे.

त्याच राज्यातल्या रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या माणसानं १९२०च्या दशकात एक काटा बनवला. ज्यांच्या काठ्या त्यानं या काट्यावर जुळवल्या त्यांत विमेट होता. काट्याचं नाव लॉरिदमिक. दिसायला साधा : एक टेकू, टेकूवर आडवी दांडी, दांडीवर काठी ठेवायची, आणि जुन्या दवाखान्यात किंवा गोदामात असतो तसं सरकतं वजन हलवून दोन्ही बाजू समतोल करायच्या. सरकतं वजन जिथं थांबेल तिथलं अक्षर आणि अंक वाचायचा. अक्षरं ए पासून जी पर्यंत, प्रत्येकात ० ते ९. ए-० सगळ्यात हलकं, जी-९ सगळ्यात जड.

सगळी गंमत टेकूच्या जागेत आहे. तो मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर असतो. हे १४ कुठून आले? भौतिकशास्त्रातून नाही. चांगल्या खेळाडूला आवडणाऱ्या काठ्या घेऊन अ‍ॅडम्स टेकूची जागा बदलत गेला, आणि १४ इंचांवर त्या एकमेकींशी जुळल्या, असं या काट्याबद्दल सांगितलं जातं. म्हणजे आधी हाताचा निकाल, मग त्याला साजेसा काटा. कुणीही काठी १४ इंचांवर धरत नाही. मूठ त्याच्या आधीच संपते, आणि फिरवताना काठी मनगटांभोवती, खांद्यांभोवती फिरते. पुढं १२ इंचांवर टेकू असलेला दुसरा काटाही निघाला. काही वर्षं दोन्ही चालले आणि अखेर १४ इंचांचाच टिकला.

पूर्वीच्या कारागिरांना हा काटा दाखवला असता तर ते हसले असते. तो चालला, कारण त्याच सुमाराला कारागीरच जात होते.

पोलादी नळीच्या दांड्याचं पेटंट आर्थर नाइट नावाच्या इंजिनियरनं १९१० सालीच घेतलं होतं, पण नियम आडवे येत होते. अमेरिकेनं १९२०च्या दशकाच्या मध्यावर परवानगी दिली. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी १९२९ पर्यंत ताणलं. १९३१ साली बिली बर्कनं पोलादी दांड्यांनी यूएस ओपन जिंकली. ३६ होलच्या एका प्लेऑफनं निकाल लागेना, म्हणून आणखी ३६ होल खेळवून. त्याच वर्षी विमेटनं यूएस अमॅच्युअर दुसऱ्यांदा जिंकली, पहिल्या विजयानंतर १७ वर्षांनी.

पोलादाचा गुण म्हणजे एक नळी दुसरीसारखी असते. आता कारखान्यात हजारो सारखे दांडे निघू लागले. मॅशी-निब्लिक जाऊन नंबर आले. एकेक काठी विकण्याऐवजी 'जुळलेला संच' विकायला लागले. पण जुळलेला म्हणजे कशाशी? पूर्वी उत्तर सोपं होतं : तुमच्या हाताशी. आता गिऱ्हाईक दुसऱ्या गावात आणि माल खोक्यात. खोक्यावर छापता येईल असं उत्तर हवं होतं, आणि अ‍ॅडम्सच्या काट्याकडं ते होतं. कॅन्सस सिटीच्या केनेथ स्मिथनं टपालानं मापं मागवून काठ्या बनवून द्यायचा मोठा धंदा उभा केला. अशा धंद्यात लांबी, दांड्याचा ताठपणा, मुठीची जाडी आणि स्विंगवेट एवढं कागदावर आलं की काम भागायचं. डी-२ म्हटलं की जगात कुठंही डी-२.

तरीही मी या काट्याला नावं ठेवणार नाही. संचातली प्रत्येक काठी मागच्यापेक्षा अर्धा इंच आखूड असते, आणि तिचं डोकं साधारण सात ग्रॅमनं जड केलेलं असतं, म्हणजे आकडा सगळ्यांचा एकच राहतो. सामान्य माणसाला बऱ्यापैकी जुळलेला संच परवडायला लागला तो यामुळं. जोन्ससारखी हिकरीच्या ढिगातून एकेक दांडा निवडायची ऐपत आणि सवड किती जणांना होती?

आता तो पाढा एकदा उलगडून बघू. अकरावीच्या पुस्तकात बल आघूर्ण म्हणून एक प्रकरण असतं : वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर. स्विंगवेट म्हणजे तेच. एक पॉइंट म्हणजे १.७५ इंच-औंस, अर्थात सुमारे ५० ग्रॅम-इंच. डी-० म्हणजे २१३.५ इंच-औंस. डोक्यात दोन ग्रॅम टाकले आणि डोकं टेकूपासून २५ इंचांवर असेल तर ५० ग्रॅम-इंच वाढले, म्हणजे एक पॉइंट. दोन ग्रॅमला एक पॉइंट हा ठोकताळा इथून येतो.

आता पोलादी दांड्याची लोखंडी काठी घ्या. डोकं २५० ग्रॅम, दांडा १२० ग्रॅम. मुठीकडून अर्धा इंच कापला की टेकू नव्या टोकापासून मोजायचा, म्हणजे डोकं आणि दांडा दोन्ही त्याच्याकडं अर्धा इंच सरकले. ३७० गुणिले अर्धा म्हणजे १८५ ग्रॅम-इंच गेले. कापलेला तुकडा टेकूच्या पलीकडं होता, तो विरुद्ध बाजूला दाबत होता. तो गेल्यामुळं विसेक परत मिळाले. उरली १६५ची तूट : तीन पॉइंटांहून जरा जास्त. पाढा बरोबर आहे. पण हाच हिशोब आजच्या ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब काठीला लावा : २०० ग्रॅमचं डोकं, ६० ग्रॅमचा कार्बन दांडा. तूट येते सव्वाशेच्याही आत, म्हणजे जेमतेम अडीच पॉइंट. 'अर्ध्या इंचाला तीन' हा पोलादाच्या जमान्यातला पाढा आहे. दांडे बदलले तरी तोंडात तोच राहिला.

तूट भरून काढायचे रस्ते तीन-चार. डोक्यामागं शिशाची पट्टी चिकटवायची. सगळ्यात सोपं, स्वस्त आणि चुकलं तर सोलून काढता येतं. दांड्याच्या खालच्या टोकात टंगस्टनची पूड भरायची. दिसत नाही, पण डोकं सोडवावं लागतं. काही डोक्यांना वजनाचे स्क्रू असतात, ते बदलायचे. आणि चौथा रस्ता हलक्या मुठीचा. मूठ टेकूच्या पलीकडच्या बाजूला असते, त्यामुळं ती पाच ग्रॅमनं हलकी केली की आकडा एका पॉइंटनं वाढतो.

इथं थोडं थांबा, कारण इथंच काट्याची लबाडी उघडी पडते. मूठ हलकी केली म्हणजे काठी एकूण हलकी झाली, आणि काटा म्हणतो ती जड झाली! उलट कुणी मुठीच्या टोकात ५० ग्रॅमचं वजन ठोकून बसवलं तर काठी चांगलीच भारी होते, आणि काटा दहाच्या वर पॉइंट उतरतो. दोन्हीत डोकं तेच, लांबी तीच, चेंडूवर आदळणारं वस्तुमान तेच. आकडा मात्र डी वरून सी वर. काट्याला खेळाडूचा हात माहीत नाही. त्याला फक्त १४ इंचांवरचा टेकू माहीत आहे.

दुसरी लबाडी सूक्ष्म आहे. बल आघूर्णात अंतर एकदाच गुणलं जातं. पण काठी फिरवताना हाताला जाणवतं ते जडत्व आघूर्ण, आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. अर्धा इंच कापून सहा ग्रॅम लावले तर दोन्ही हिशोब बऱ्यापैकी जुळतात. म्हणून वर्कशॉपमधला पाढा चालून जातो. आता ४५ इंचांचा ड्रायव्हर तीन इंच कापून ४२चा करा. जिमी वॉकर या अमेरिकन खेळाडूनं २०१७ साली तसा ४२ इंचांचा ड्रायव्हर स्पर्धेत वापरला होता, म्हणून हे उदाहरण. मी हिशोब मांडून पाहिला. जुना आकडा परत आणायला डोक्यावर सव्वीसेक ग्रॅम लावावे लागतात. लावा. काटा म्हणेल, झालं, तीच काठी. पण ती एकूण २० ग्रॅमच्या वर भारी झालेली असते, आणि फिरवायला मात्र तीनेक टक्क्यांनी सोपी.

याच्या उलटही घडलं आहे. १९६९ साली फ्रँक थॉमसनं कार्बन धाग्याचा, म्हणजे ग्रॅफाइटचा दांडा बनवला. दांडा हलका झाल्यावर कारखान्यांना एक सवलत मिळाली : आकडा तोच ठेवून काठी लांब करता येते. टायगर वूड्स २००० साली पोलादी दांड्याच्या ४३.५ इंचांच्या ड्रायव्हरनं सगळ्यांना धूळ चारत होता. दुकानातले ड्रायव्हर तोवर ४५ कडं सरकले होते आणि पुढंही गेले. लांब काठीनं चेंडू लांब जातो, निदान जाहिरातीत. शेवटी २०२२ पासून स्पर्धांसाठी ४६ इंचांची मर्यादा घालायची मुभा देणारा नियम आला. साध्या माणसाला मात्र लांब काठीचा चेंडू डोक्याच्या मधोमध बसत नाही, म्हणून तो वर्कशॉपमध्ये येतो आणि म्हणतो, जरा कापून द्या. शिशाच्या पट्ट्यांचा धंदा अशा लोकांवर चालतो.

पण मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ती गोष्ट वेगळीच आहे.

पुरुषांच्या काठ्या साधारणपणे डी-० ते डी-२ च्या आसपास बनवतात आणि बायकांच्या सी-५ ते सी-७. तक्त्यात ही दोन घरं इतकी सवयीची झाली आहेत की बायकांचा हात सी असतो असं वाटावं. आता आपला पाढा लावा. पुरुषांची डी-१ची काठी घ्या, एक इंच कापा. सहा पॉइंट गेले. डी-१ मधून सहा गेले की उरतं सी-५. बायकांची काठी ही पुरुषांच्या काठीपेक्षा साधारण इंचभर आखूड असते. म्हणजे या आकड्यासाठी कुणा बाईच्या हातात काठी देऊन बघायची गरजच नव्हती. करवत पुरेशी होती. सगळ्या कंपन्यांनी तेवढंच केलं असं मी म्हणत नाही, हलकी डोकी आणि मऊ दांडे बनवणारेही होते. पण अ‍ॅडम्सनं विमेटसारख्यांचा हात ऐकून काटा बनवला, तसा बायकांचा हात ऐकून कुणी टेकूची जागा बदलली नाही. टेकू १४ वरच राहिला, आणि काठी त्याच्याकडं सरकत गेली.

मुलांचं तर याहून वाईट. आपल्याकडं वडिलांची जुनी बॅट खालून कापून पोराला देतात, तसं गोल्फमध्ये काठी कापून देतात. मोठ्या माणसाची सात नंबरची लोखंडी काठी धरा : डोकं २७० ग्रॅम, दांडा ११५, मूठ ५०, लांबी ३७ इंच. काट्यावर डी-२च्या पुढं. सहा-सात वर्षांच्या मुलीसाठी ती सात इंच कापून ३० इंचांची केली. कापलेला दांडा जेमतेम २२ ग्रॅमचा. ४३५ ग्रॅमची काठी ४१३ची झाली. आणि स्विंगवेट? तो ए-० च्याही खाली तेरा पॉइंट जातो. काट्याची दांडी संपते, सरकत्या वजनाला थांबायला जागाच नाही. काट्याच्या मते ही काठी असू शकते त्याहून हलकी आहे. मुलीच्या मते ती उचलत नाही.

दोघांत खोटं कोण बोलतंय? माझं मत मुलीच्या बाजूनं आहे. मुलीला खटकतो तो सव्वाचारशे ग्रॅमांचा बोजा, आणि त्याबद्दल काट्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय दांडा आखूड झाला की ताठ होतो. मोठ्या माणसासाठी लवचिक असलेली नळी तिच्या हातात पहारीसारखी वागते. मग ती मूठ घट्ट आवळते, अंग मागं फेकून काठी उचलते, आणि बघणारे म्हणतात, हिला जमत नाही.

बॉबी जोन्सची पहिली काठी अशीच कापलेली होती. तो पाच-सहा वर्षांचा असताना अटलांटाजवळच्या ईस्ट लेकला त्याचं कुटुंब उन्हाळ्यात राहायला गेलं. तिथं फुल्टन कॉलव्हिल नावाच्या गृहस्थानं त्याला आपली एक जुनी क्लीक दिली. ती लांब होती. तिथला व्यावसायिक खेळाडू, स्कॉटलंडहून आलेला जिमी मेडन, यानं ती करवतीनं कापून तिला मूठ बसवून दिली. टायगर वूड्सलाही वडिलांनी काठी कापूनच दिली होती, आणि दोन वर्षांचा असताना तो ती घेऊन टीव्हीवर चेंडू मारून आला. स्पेनच्या पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर सेव्हे बायेस्तेरोसला तेवढंही मिळालं नाही. त्याच्याकडं तीन नंबरच्या काठीचं नुसतं डोकं होतं. झाडाच्या फांद्या तोडून तो त्याला दांडा करायचा, एक मोडली की दुसरी, आणि वाळूतले गोटे मारायचा. मला यातला सेव्हे सगळ्यात नशीबवान वाटतो. त्याचा दांडा त्याच्या हाताला पेलेल तेवढाच लांब असायचा, कारण तो त्यानंच तोडलेला असायचा.

ही नावं सांगून लोक म्हणतात, बघा, कापलेल्या काठीनं काही अडत नाही. ज्यांचं अडलं त्यांची नावं कुणाला माहीत असणार? गेल्या काही दशकांत खास मुलांसाठी हलक्या डोक्याच्या, पातळ दांड्याच्या, उंचीनुसार मापं असलेल्या काठ्या मिळू लागल्या आहेत. त्यांचं स्विंगवेट विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता कमी, आणि ते चांगलंच आहे.

काट्याला मोठ्या मंचावर आव्हान दिलं ते मात्र एका भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं. ब्रायसन डिशॅम्बोनं होमर केली यांचं १९६९चं 'द गोल्फिंग मशीन' वाचलं आणि ठरवलं की आपल्या सगळ्या लोखंडी काठ्या एकाच लांबीच्या हव्यात, ३७.५ इंच. म्हणजे लांब होत्या त्या कापायच्या, आखूड होत्या त्या वाढवायच्या. आकडा जुळवायचा तर डोकीही एकाच वजनाची हवीत. त्यानं ती २८० ग्रॅमच्या आसपास ठेवली. इथं स्विंगवेट आणि जडत्व यांचं भांडणच मिटतं : लांबी एक, वजन एक, मग एकदा मोजा की वर्ग करून मोजा. बाजारातले लोक हसले, कारण असे एकाच लांबीचे संच आधीही येऊन पडले होते. २०१५ साली त्यानं कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा आणि यूएस अमॅच्युअर दोन्ही जिंकल्या; तोवर एका वर्षात हे करणारे फक्त चार होते, त्यांत जॅक निकलॉस आणि टायगर वूड्स. २०२० साली विंग्ड फूटला त्यानं यूएस ओपन जिंकली. २०२४ला पाइनहर्स्टला पुन्हा.

त्याच्यामागं कितीजण गेले? मोठ्या स्पर्धांमध्ये जवळजवळ कुणीच नाही. बाकीच्यांच्या पिशवीत अजून अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला सात ग्रॅम. कुणी दांडा कापून मागितला की वर्कशॉपमधला माणूस शिशाची पट्टी काढतो, कात्रीनं दोन-दोन ग्रॅमचे तुकडे करतो आणि एकेक चिकटवत जातो. त्यातले चांगले कारागीर काठी आधी गिऱ्हाइकाच्या हातात देतात. तो 'आता ठीक' म्हणाला की मगच ती काट्यावर चढते, आणि जो आकडा येईल तो वहीत त्याच्या नावापुढं लिहिला जातो. पुढच्या वेळी कापायची झाली तर तोच बघायचा, तक्त्यातला नाही.